अठरा श्लोकांचं भोक

नानांशी माझी ओळख भांडणातून झाली. त्यातही भांडायला मी गेले होते, ते नव्हते आले. हे आधीच कबूल केलेलं बरं.

नेवाशाच्या शाळेत विज्ञान शिकवायला रुजू होऊन मला दोन महिने झाले असतील. रविवारी दुपारी जेवून जरा डोळा लागतो न लागतो तोच भिंतीपलीकडे घर्रर्र सुरू व्हायचं, आणि त्या घर्रर्रच्या वरताण कुणीतरी खणखणीत आवाजात संस्कृत स्तोत्र म्हणायचं. अहो, एक तर देवाचं नाव घ्या नाहीतर सुतारकी करा! दोन्ही एकदम म्हणजे शेजाऱ्यानं काय घोडं मारलंय तुमचं? तिसऱ्या रविवारी मी पदर खोचला आणि गेले.

पत्र्याच्या शेडमध्ये माणसाच्या उंचीचं, हिरवा रंग उडालेलं ड्रिल मशीन उभं होतं. त्याच्यापुढे साठी उलटलेले एक सडपातळ गृहस्थ. खाकी हाफ पँट, उघडं अंग, आणि गळ्यातलं जानवं उचलून उजव्या कानाला घट्ट गुंडाळलेलं. जानवं कानाला कधी गुंडाळतात हे मी इथे लिहीत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना आहे. मी दारातच थबकले. "अहो," म्हटलं. त्यांनी डावा हात वर करून मला थांबवलं, उरलेले तीन श्लोक शांतपणे पुरे केले, मशीन बंद केलं, भोकावर फुंकर मारली आणि मगच माझ्याकडे बघितलं.

"बोला, बाई. मधे थांबता येत नाही. दोन इंची भोकाला अठरा श्लोक लागतात."

"का? घरात घड्याळ नाही?"

"घड्याळ बघायला मान वर करावी लागते. मान वर गेली की बोटं खाली राहतात, तिथेच." त्यांनी लाकडाचा तुकडा माझ्यापुढे धरला. "आत बोट फिरवा. कुठे करपलंय का सांगा."

मी फिरवलं. लोणी हो, लोणी! "आणि हे?" मी कानाकडे बोट दाखवलं.

"हे होय? आईला शब्द दिलाय, काढता येत नाही. आणि लोंबतं ठेवलं तर मशीन मला गुंडाळून घेईल. शास्त्रानं सोय आधीच करून ठेवलेली, मी फक्त जागा बदलली." भांडायला गेलेली मी चहा पिऊन परत आले. रविवारची झोप गेली ती गेलीच.

नानांचं घराणं पिढ्यानपिढ्या भिक्षुकीचं. वडिलांनी छडी हातात घेऊन सगळी स्तोत्रं पाठ करून घेतली. चुकलं की पाठीवर, बरोबर आलं की पुढचं. नाना सतराव्या वर्षी पळून नगरला गेले आणि आयटीआयमध्ये फिटर झाले. पुढे सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात यंत्रं दुरुस्त करण्यात सगळी नोकरी गेली. लग्न केलं नाही. "वडिलांनी शेकड्यानं लावली. घराण्याचा कोटा संपला," म्हणायचे. निवृत्त झाले तेव्हा कारखाना एक जुनं ड्रिल मशीन भंगारात काढत होता. ते टेम्पोत घालून नाना नेवाशाला परतले आणि वडिलांच्या घरामागे शेड टाकून लाकूडकाम करायला लागले. पाठ केलेलं डोक्यातून जाईना, मग त्यांनी त्याला कामाला लावलं. कोणत्या लाकडाला, केवढ्या भोकाला, किती श्लोक, हा हिशेब त्यांनी पाच-सहा वर्षं लाकडं जाळून बसवला होता. सागाला कमी, बाभळीला जास्त, आणि आंब्याला "मूडवर".

गाव मात्र त्यांना गुरुजीच म्हणायचं. कुणी पत्रिका घेऊन यायचं, कुणी वास्तुशांतीचा मुहूर्त विचारायचं. "लाईट असेल तो मुहूर्त," नाना सांगायचे. एका म्हातारीनं मशीन चालू असताना मागून येऊन पाया पडण्याचा घाट घातला, तर नाना मान न वळवता ओरडले, "आजी, माझे पाय धरा, पण पँट ओढू नका!" आजींनी ती गोष्ट गावभर सांगितली, वर म्हणाल्या, लई पोचलेला मानूस हाय.

एकदा मी सरळ विचारलं, "नाना, देव आहे का हो?" ते पट्ट्यावरची धूळ झटकत म्हणाले, "असेल की. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याच्या कर्मचाऱ्यांबद्दल आहे. मी त्यातलाच, म्हणून बोलतो."

संपत हा त्यांचा जोडीदार. जवळच्या वस्तीवरचा शेतकरी, पन्नाशीचा, आडव्या अंगाचा. खोऱ्याला दांडा बसवून घ्यायला म्हणून आला तो शेडमध्येच रमला. सकाळी उसाला पाणी सोडायचं आणि अकराला नानांकडे हजर. काम चांगलं करायचा, पण संस्कृत त्याच्या बापजन्मात कुणी म्हटलं नव्हतं. त्याला येत होतं फक्त मारुतीचं स्तोत्र, तेही तालमीत शिकलेलं. म्हणजे मारुती जणू मागे लागलाय अशा वेगानं. नाना म्हणाले, चालेल, तेच म्हण, दोनदा म्हण. संपतनं दोनदा म्हटलं. मशीनचा दांडा असा रेटला की सागाच्या फळीतून धूर निघायला लागला, आणि मागच्या घरातून एक बाई विचारायला आल्या, होम कुणाकडे आहे? नानांनी फळी हातात घेतली. भोकाच्या कडा कोळशासारख्या काळ्या.

"संपत, हे भोक नाही. ही चूल आहे."

"नाना, पन दोनदा म्हनलो की हो!"

"म्हणालास. मारुती लंकेत पोचला, शेपूट पेटवली आणि परत आला, तरी तुझं लाकूड अर्धंच झालं होतं. दमानं, बाबा. घाई केली की करपतं." मग हे "दमानं, करपंल" शेडमधलं परवलीचं वाक्य झालं. संपत शेवटपर्यंत स्तोत्र शिकला नाही. नाना म्हणायचे आणि संपत दांडा खाली घ्यायचा, असं त्यांचं जमून गेलं.

आता नानांची खरी कीर्ती कशात, ते सांगते. त्यांच्या मशीनच्या चकात, म्हणजे ज्या जबड्यात भोक पाडायचं बिट धरतात त्यात, अर्ध्या इंचापर्यंतचाच दांडा मावायचा. आणि लोक यायचे मुसळासारखी कटरं घेऊन. कुणी म्हणे बसवा, कुणी म्हणे कसंही करून बसवा. कर्जतचा एक फर्निचरवाला तर एवढ्या जाड कटराचा दांडा लेथवर तासून, बारीक करून घेऊन आला. "आता मावतंय बघा," म्हणून ऐटीत उभा. नानांनी हात जोडले. "वरचं धड पैलवानाचं आणि कंबर तू करून आणलीस तमाशातल्या बाईची. मी नाही लावणार." तो पठ्ठ्या हट्टाला पेटला, नाना चहा करायला आत गेल्याचं बघून त्यानं स्वतःच लावलं. दांडा कटकन मोडला आणि कटर पत्र्यावर आपटून, भिंत ओलांडून माझ्या गच्चीवरच्या कैरीच्या बरणीत. सबंध वर्षाचं लोणचं गेलं! मी भिंतीवरून जे बोलले ते विज्ञानाच्या पुस्तकात नाही.

नानांची रीत वेगळी. ते चकच काढून टाकायचे. चक मशीनमध्ये स्क्रूनं धरलेला नसतो. वर एक निमुळतं तोंड असतं, त्यात निमुळता दांडा नुसता दाबानं घट्ट बसतो. पाचर मारली की चक खाली. मग मोठ्या कटराचा निमुळता दांडा सरळ त्या तोंडात बसवायचा, पट्टा सगळ्यात हळू पुलीवर घ्यायचा आणि लाकूड साखळीनं बांधायचं.

"चक म्हणजे मधला माणूस, बाई," ते म्हणाले. "बारीकसारीक कामाला ठीक आहे. मोठं काम असलं की मधला माणूस काढायचा आणि सरळ भिडायचं. आमच्या घराण्याचं तेच झालं. वर देव, खाली यजमान, मधे आम्ही. अर्ध्या इंचापर्यंतची दुःखं आम्ही धरायचो. त्याहून मोठं कुणाचं असलं की आमच्यात मावायचं नाही, आणि आम्ही काय करायचो? त्याचं दुःख तासायचो." हसले, पण नेहमीसारखं नाही.

या सरळ बसवण्यात एकच गोम होती. ते निमुळतं तोंड कोरडं ठणठणीत हवं. तेलाचा थेंब नको, धुळीचा कण नको. नाहीतर दांडा आत घसरतो आणि कटर लाकडात अडकून बसतं. म्हणून दर वेळी नाना फडकं फिरवायचे आणि मग उजव्या हाताचं मधलं बोट मशीनच्या त्या तोंडात घालून सावकाश गोल फिरवायचे, डोळे मिटून. तिथे दुसऱ्या कुणाचं बोट चालायचं नाही. संपतचंसुद्धा नाही. "हे बोट म्हणजे माझा डोळा," म्हणायचे.

त्या उन्हाळ्यात मी एक गोष्ट पाहिली आणि सोडून दिली, त्याचं मला अजून वाईट वाटतं. उकळता चहा स्टीलच्या पेल्यात ओतला होता. मला पदरानंही धरवेना. नानांनी नुसत्या हातात घेतला आणि गप्पा मारत बसले. "नाना, भाजेल!" म्हटलं, तर म्हणाले, "फिटरची कातडी आहे." दुसऱ्या दिवशी तीन बोटांना टरारून फोड. नानांना साखरेचा आजार होता. "साखर कारखान्याला उतारा मिळत नाही, मला बघा कसा मिळतोय," असा विनोद करून गोळ्या विसरायचे. मी विज्ञान शिकवते. मला कळायला हवं होतं.

संपतची बायको मंगल. बोलायला तिखट, कामाला वाघीण. तिला लाकडी घाणा काढायचा होता, करडई आणि शेंगदाण्याचा, स्वतःचा. संपतच्या वडिलांनी बांधावर लावलेला शिरीष तीन वर्षांपूर्वी वादळात पडला होता. बाकी फांद्या-खोड गेलं जळणाला, पण बुंध्याचा एक दीड फुटी ओंडका मंगलनं भांडून ठेवून घेतला, गोठ्यात सावलीला वाळवला, घाण्याच्या उखळासाठी. वस्तीवरच्या बायकांना तिनं सांगूनही टाकलं होतं, यंदा दिवाळीला माझ्या घाण्याचं तेल. राहिलं होतं एकच. ओंडक्याच्या बरोबर मधून तीन इंची भोक. ते सरळ गेलं की वरची वाटी ती पटाशीनं कोरून घेणार होती. वाकडं गेलं किंवा ओंडका फुटला, तर तसा दुसरा नव्हता.

"नाना, तुमीच करायचं," ती म्हणाली. "दुसऱ्या कोनाच्या हाती मी देनार न्हाई."

"दिला शब्द," नाना म्हणाले. सुप्याच्या भंगारवाल्याकडून त्यांनी तीन इंची, हातभर लांब कटर मिळवलं. दांडा थेट मशीनच्या तोंडात बसेल असा.

दसऱ्याला काम करायचं ठरलं. आदल्या दिवशी खंडेनवमी, हत्यारांची पूजा. एरवी नाना मशीनला फडक्यानं पुसायचे आणि म्हणायचे, झाली पूजा. पण मंगल ताट घेऊन आली. आता हिला कोण अडवणार? तिनं मशीनला हार घातला, पट्ट्याला गंध लावलं, बटणांना कुंकू लावलं. चक काढून ठेवलेलाच होता. तिनं वाकून वर पाहिलं आणि म्हणाली, "ह्या तोंडातच घास जानार ना?" आणि तेलात कालवलेलं कुंकू बोटानं आत, खोलवर भरलं. मनापासून. नाना शेडच्या दारात पाठमोरे बसून शेंगा फोडत होते. "नैवेद्य मशीनला नको, मला द्या," एवढंच बोलले.

दसऱ्याला सकाळी ओंडका मशीनखाली साखळीनं आवळला. संपत, मंगल, मी. नानांनी जानवं कानाला गुंडाळलं. फडकं एकदा फिरवलं, मग ते बोट आत घातलं, डोळे मिटले, सावकाश गोल. "स्वच्छ," म्हणाले आणि बोट सवयीनं पँटीला पुसलं. कटराचा दांडा वर ठोकून बसवला, मशीन सुरू केलं. संपतनं मशीनचा दांडा धरला, नानांनी स्तोत्र.

नववा श्लोक चालू असताना मशीनमधून अशी किंचाळी फुटली की मी कानांवर हात ठेवले. मशीन वर गरागरा फिरतंय आणि कटर लाकडात अडकून जागच्या जागी उभं! नानांनी बटणावर हात मारला. सगळं थांबलं. संपतनं कटर मोकळं करून खाली घेतलं. निमुळता दांडा वरपासून खालपर्यंत लालभडक, तेलकट.

मंगलनं ते पाहिलं. "माज्यामुळं झालं," ती म्हणाली आणि मटकन खाली बसली. "माज्या हातानं भरलं मी त्यात. सासऱ्याचं झाड हुतं ते."

मला वाटलं, आता नाना तोंडाचा पट्टा सोडणार. सबंध आयुष्यभर पूजाअर्चेची जी खिल्ली उडवली तिचा पुरावाच हाती लागला होता. संपतनं तर मानच खाली घातली. पण नाना आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. मधल्या बोटाच्या पेरांच्या खाचांत कुंकू तसंच होतं. खाकी पँटीवर लाल फराटा.

"ऊठ, मंगल," ते म्हणाले. "कुंकू तुझं, पण बोट माझं."



"मला कळलंच नाही. एवढं तेल, एवढं कुंकू, आणि माझ्या बोटाला काही जाणवलं नाही. वर्ष झालं. पेटता कापूर धरला काय आणि बर्फ धरला काय, सारखंच. मला वाटलं, कुणाला सांगितलं नाही म्हणजे झालं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, लबाडी केली मी. या ओंडक्याशी केली. हे बरं नाही केलं."  माझ्याही डोळ्यांना पाणी आलं. 

ओंडका वाचला होता. बोटभर खोल, नीट गोल खाच पडली होती, चीर कुठे नव्हती. नाना स्टूल ओढून बसले. "मंगल, इकडे ये. फडकं काठीला गुंडाळ. आत फिरव. आता बोट घाल."

"मी? नाना, तितं तुमी कोनाला..."

"घाल म्हणतोय ना!"

तिनं घातलं. नानांसारखेच डोळे मिटले. "नाना, हितं खरखरतंय. उजव्या अंगाला."

नानांनी उठून त्याच जागी आपलं बोट घातलं. सावकाश गोल फिरवलं. मग बाहेर काढून म्हणाले, "मला काही लागत नाही. तू म्हणतेस ते खरं." घसरताना आत ओरखडा पडला होता. पॉलिश पेपर काठीला लावून तिनं तो घासला, पुन्हा बोट घातलं, पुन्हा घासला. चौथ्यांदा म्हणाली, "आता न्हाई." तेवढ्यावर नानांनी कटर बसवायला सांगितलं. स्वतः तपासलं नाही.

मग संपत दांड्यावर, मंगल भुसा काढायला, आणि नाना स्टुलावर. त्यांनी स्तोत्र सुरू केलं ते इतकं संथ की प्रत्येक शब्द वेगळा ऐकू यावा. कटर खाली पुरेनासं झालं की मशीन थांबवून ओंडक्याखाली फळ्या सारायच्या, ओंडका उचलायचा, पुन्हा तिथूनच पुढे. अख्खं स्तोत्र दोनदा झालं, तिसऱ्यांदा अर्धं. आणि खालून उजेड दिसला! संपत ओरडला, "आरपार!" मंगलनं भोकात हात घातला, कोपरापर्यंत, आणि गोल फिरवला. "कुटंच करपलं न्हाई, नाना." नानांनी मान हलवली आणि कानाचं जानवं सोडलं. त्यानंतर त्यांनी मशीनचा दांडा कधी धरला नाही.

दिवाळीला मंगल करडईच्या तेलाची बाटली घेऊन आली. नानांनी बोट बुडवून चाटलं. "चव कळते. तेवढं शाबूत आहे," म्हणाले.

पुढचं वर्षभर बोट मंगलचं, दांडा संपतचा, आणि नाना स्टुलावर बसून नुसते म्हणायचे. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते भिंतीवरून. दुपारची वेळ, लाईट गेलेली, शेडमध्ये कुणी नाही, मशीन बंद. आणि नाना कानाला जानवं गुंडाळून, डोळे मिटून स्तोत्र म्हणतायत.

"नाना, लाईट नाही!" मी ओरडले.

डावा हात वर. तीन श्लोक पुरे झाले, मग डोळे उघडले. "माहीत आहे, बाई. वेग चुकू नये म्हणून म्हणतोय. दुसरं काय राहिलंय माझ्याकडे?" आणि लागलीच, "लोणचं यंदा झाकून ठेवलंय ना?"

चार दिवसांनी गेले. झोपेत.

दहावा प्रवरेच्या घाटावर झाला. पुण्याहून पुतण्या आला होता. भटजींना त्या सकाळी अजून दोन ठिकाणी जायचं होतं, त्यांनी मंत्रांचा जो सपाटा लावला तो विचारू नका. शब्दाला शब्द लागेना, पुतण्याला पाणी सोडायलाही उसंत मिळेना. आम्ही तिघं मागे उभे. संपत मघापासून चुळबुळ करत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"गुरुजी," तो मोठ्यानं म्हणाला, "जरा दमानं. करपंल."

भटजी थांबले. सगळ्यांनी वळून बघितलं. मंगलनं पदर तोंडात कोंबला. मला हसू फुटलं, आणि हसता हसताच असं रडू आलं की मला आवरेना.

"काय करपेल?" भटजींनी विचारलं.

 संपतनं नुसते हात जोडले. भटजींनी एकदा आमच्या तिघांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पहिल्यापासून, सावकाश म्हणायला सुरुवात केली.